गरम हवेचे इंजिन आणि एका धर्मोपदेशकाची काटकसर

श्रोतेहो, नमस्कार.

वाफेच्या इंजिनाचा इतिहास आपण शाळेत शिकतो. परंतु त्याच काळात, पाण्याची वाफ न करता केवळ हवा तापवून चाक फिरवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांची ओळख आपल्याला सहसा करून दिली जात नाही. इंग्लंडचे सर जॉर्ज केली यांनी १८०७ मध्ये अशा एका इंजिनाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. आज मात्र मला बोलायचे आहे ते स्कॉटलंडमधील रॉबर्ट स्टर्लिंग यांच्याविषयी.

१८१६ च्या सप्टेंबरात किल्मार्नॉक येथील चर्चमध्ये त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि त्याच महिन्यात, वयाची सव्वीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, पेटंटसाठी अर्ज केला. त्या अर्जाचा मुख्य विषय होता इंधनाची बचत, आणि इंजिन हा त्या बचतीचा एक उपयोग होता. माझ्या मते स्टर्लिंग यांची खरी थोरवी इथेच आहे.

बंद नळकांड्यातील हवा एका टोकाला तापवली की ती फुगते आणि दट्ट्या ढकलते. तीच हवा दुसऱ्या, थंड टोकाला नेली की आकसते आणि दट्ट्या मागे येतो. एवढ्यावरही इंजिन चालेल. पण प्रत्येक फेऱ्यात हवेतील उष्णता थंड टोकाला वाया जाईल. म्हणून स्टर्लिंग यांनी त्या दोन टोकांच्या वाटेवर धातूचा असा भाग ठेवला, की थंड बाजूकडे जाणारी हवा आपली ऊब त्याला देऊन जाते आणि परतताना तीच ऊब पुन्हा उचलते. आपल्या चुलीला जोडलेला वैलही जाळाची उरलेली धग वाया जाऊ देत नाही. इथे तर ती उरलेली धग पुन्हा मूळ कामालाच लावली जाते. या भागाला आज रिजनरेटर म्हणतात, आणि काच व पोलाद यांच्या मोठ्या भट्ट्यांमध्येही पुढे हेच तत्त्व वापरले गेले.

१८१८ मध्ये त्यांचे इंजिन एअरशायरमधील एका दगडखाणीत पाणी उपसू लागले. पुढे त्यांचे अभियंता बंधू जेम्स यांनी आतील हवा दाबाखाली ठेवून थोड्या आकारात अधिक शक्ती मिळवली. १८४३ मध्ये डंडी येथील ओतकाम कारखान्यात असे इंजिन बसवले गेले आणि ते काही वर्षे चालले. मात्र आगीवरची भांडी बिडाची होती. पाण्याचा बाष्पक पाणी असेपर्यंत फार तापत नाही. हवेच्या भांड्याला तसे संरक्षण नसते. बीड सतत लाल होऊन तडकत असे, आणि अखेर १८४७ मध्ये कारखाना वाफेकडे परतला. अपयश विचाराचे नव्हते, लोखंडाचे होते, असे मला ठामपणे वाटते.

स्वीडनमध्ये जन्मलेल्या जॉन एरिक्सन यांनी तर गरम हवेवर आख्खे जहाज चालवले. १८५३ च्या आरंभी न्यूयॉर्कजवळ त्याची चाचणी झाली. त्याच्या सिलिंडरांचा व्यास १४ फूट होता, तरीही वेग अपुरा पडला आणि पुढे त्यात वाफेची इंजिने बसवावी लागली. एरिक्सन यांच्या लहान इंजिनांना मात्र चांगली मागणी आली.

स्टर्लिंग १८७८ मध्ये गेले. त्याच्या दोन वर्षे आधी त्यांनी लिहिले होते, की इंग्रज संशोधक बेसेमर यांच्या नव्या पद्धतीने बनणारे पोलाद पस्तीस-चाळीस वर्षे आधी मिळाले असते तर हवेचे इंजिन निःसंशय यशस्वी झाले असते, आणि आता हे काम भविष्यातील एखाद्या कुशल यंत्रज्ञाने पुरे करावे. ते काम १९३० च्या दशकाच्या अखेरीस हॉलंडमधील फिलिप्स कंपनीने हाती घेतले. वीज न पोहोचलेल्या ठिकाणी रेडिओ संच चालावेत, यासाठी त्यांना लहान, आवाज न करणारे विद्युतजनित्र हवे होते. या वेळी त्यांच्याजवळ उष्णता सोसणारे मिश्रधातू होते, आणि त्या इंजिनाच्या आत स्टर्लिंग यांचा रिजनरेटर बारीक तारेच्या रूपात बसवलेला होता.