ताप उलटतो तेव्हा

"ताप उलटला" असं आपण मलेरियालाही म्हणतो नि टायफॉइडलाही. पण ज्या तापाचं नावच उलटण्यावरून पडलं, तो पुनरावर्ती ज्वर इथं कुणी पाहिला असेल असं वाटत नाही. इतकी वर्षं दवाखाना चालवून मीही पाहिलेला नाही. मग साताऱ्यात त्यावर बोलायचं कशाला? तर कार्टरसाठी.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या 'ग्रेज ॲनाटॉमी' या शरीररचनेच्या पाठ्यपुस्तकातली चित्रं त्याची. नाव झालं ग्रेचं. हा मुंबईला आला आणि १८६०च्या दशकात आपल्या साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. पुढं १८७६चा दुष्काळ पडला. साताऱ्यासकट सगळ्या दख्खनमध्ये पिकं गेली, माणसं मुंबईच्या वाटेला लागली. अंगावर एकच कापड, धुवायला पाणी नाही, रात्री एकाला एक चिकटून झोपायचं. १८७७मध्ये मुंबईत असे तापकरी येऊ लागले. पाच-सहा दिवस फणफण, मग घाम फुटून ताप एकदम उतरायचा, घरच्यांना हायसं वाटायचं, आणि आठवड्याभरानं पुन्हा तेच. कार्टरनं त्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. स्प्रिंगसारखे पिळदार जंतू, तांबड्या पेशींना ढुशा देत सळसळणारे. बर्लिनमध्ये ओबरमायर या डॉक्टरनं आधी पाहिलेले तेच.

ताप उलटतो कशामुळे? शरीर जंतूचा चेहरा ओळखून त्याला मारतं, पण थोडे जंतू तोवर अंगरखा बदलून बसलेले असतात. त्यांची वाढ होईपर्यंत आपल्याला वाटतं, बरं झालं.

पसरतो कसा, हे मात्र कार्टरला उमगलं नाही. ते १९०७मध्ये मॅकी या डॉक्टरनं दाखवलं, तेही आपल्या नाशकात. एका मिशनच्या वस्तीत मुलांमध्ये ताप जास्त, मुलींमध्ये कमी. उवाही तशाच, मुलांच्या अंगावर जास्त. डोक्यातल्या नव्हेत हं, कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या.

गंमत पुढंच आहे. ऊ चावून हा रोग देत नाही. जंतू तिच्या अंगातल्या रसात असतात, लाळेत उतरत नाहीत. आजी उंबऱ्यावर बसून दोन अंगठ्यांच्या नखांत ऊ धरायची, 'टच्' आवाज यायचा, आठवतं? कपड्यातली ऊ अशी चिरडली आणि त्याच नखानं खाज आलेली जागा ओरबाडली, की जंतू आत. मारणाऱ्यालाच धोका! आज हा उवांचा प्रकार मुख्यतः इथिओपिया आणि आसपास उरलाय.

या तापाचा दुसरा प्रकार गोचिडीमुळं होतो. मघाशी कुणी विचारलं, गोठ्यातल्या गोचिडीचं काय? आपल्या म्हशीच्या कानाला दिवसेंदिवस चिकटते ती कडक पाठीची, वेगळी. या तापाची गोचीड मऊ, सुरकुतलेली. भिंतीच्या फटीत, उंदरांच्या बिळात राहते. रात्री येऊन अर्ध्या तासाच्या आत रक्त पिऊन जाते, सकाळी कुणाला पत्ता नाही. अन्नावाचून वर्षानुवर्षं तग धरते. हिचा चावाच पुरतो. १९०५मध्ये काँगोत डटन नावाचा डॉक्टर हिचाच माग काढत होता, याच तापानं गेला.

तरुण डॉक्टर बसलेत म्हणून एवढं सांगतो. औषध साधंच, पेनिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिन. पण पहिल्या मात्रेनंतर काही तासांत जंतू एकदम फुटतात, रोग्याला हुडहुडी भरते, ताप चढतो, रक्तदाब कोसळू शकतो. सुई दिली म्हणून घरी पाठवायचं नाही. ती रात्र खाटेशेजारी काढायची.