शब्दाची जात वाक्यात ठरते

(पडद्यावर फळा. त्यावर एकच शब्द: राउंड.)

फळ्यावर एकटा लिहिलेला 'राउंड' कोणत्या जातीचा, हे कुणालाही सांगता येणार नाही. 'अ राउंड टेबल' मध्ये तो विशेषण असतो, 'द फर्स्ट राउंड' मध्ये नाम. 'वी सॅट राउंड द टेबल' मध्ये प्रेपोझिशन, 'शी टर्न्ड राउंड' मध्ये क्रियाविशेषण. 'द शिप राउंडेड द केप' म्हटलं की तोच शब्द क्रियापद होतो. इंग्रजी नामांचे जुने विभक्तिप्रत्यय बहुतेक गळून गेले. त्यामुळे शब्द फारसा न बदलता एका जातीतून दुसरीत जातो, आणि त्याची जात ओळखायला मुख्यतः वाक्यातली जागाच हाताशी राहते.

तरीही बहुतेक वर्गांत सुरुवात होते ती व्याख्यांनी. व्यक्ती, वस्तू किंवा स्थळाचं नाव म्हणजे नाम. क्रिया दाखवतं ते क्रियापद. मग 'डिस्ट्रक्शन' आणि 'अरायव्हल' यांचं काय? दोन्हींत क्रिया आहे, पण दोन्ही नामं आहेत. 'बिलाँग' आणि 'सीम' मध्ये कुठलीच हालचाल दिसत नाही, तरी ती क्रियापदं. 'डिस्ट्रक्शन'ला क्रियापद म्हणणारं मूल व्याख्येच्या हिशेबाने चुकलेलंही नसतं!

व्याख्येऐवजी चाचणी द्यावी.

(पडद्यावर वाक्य बदलताना दिसते.)

क्रियापदाची चाचणी सर्वांत भरवशाची. वाक्याच्या सुरुवातीला 'यस्टरडे' लावायचं आणि कोणता शब्द बदलतो ते पाहायचं. 'शी वॉक्स टू स्कूल'चं 'यस्टरडे शी वॉक्ड टू स्कूल' होतं. बदलला तो शब्द क्रियापद. 'पुट', 'कट' यांसारखी क्रियापदं इथे अडवतात, कारण त्यांचं भूतकाळी रूप वेगळं नसतं. त्यावर उपाय म्हणजे कर्ता 'ही' किंवा 'शी' ठेवणं. मग 'पुट्स'चं 'पुट' झालेलं दिसतं.

नामाआधी 'द' बसतं, आणि पुष्कळ नामांचं अनेकवचन होतं. विशेषणासाठी दोन रिकाम्या जागा द्याव्यात: 'द डॅश बुक' आणि 'द बुक इज व्हेरी डॅश'. 'ओल्ड' दोन्हींत बसतो. 'स्कूल बॅग' मधला 'स्कूल' पहिल्या जागेत चालतो, पण 'द बॅग इज व्हेरी स्कूल' होत नाही. म्हणजे ते विशेषणाच्या जागी बसलेलं नाम आहे. ही चाचणीही सगळीकडे पुरत नाही. 'मेन' फक्त नामाआधी येतो, 'असलीप' फक्त क्रियापदानंतर, आणि दोन्ही विशेषणंच आहेत. असे शब्द पहिल्या आठवड्यात फळ्यावर आणूच नयेत.

क्रियाविशेषण ही खरं तर अडगळीची खोली आहे. 'क्विकली', 'व्हेरी', 'हिअर', 'परहॅप्स' यांच्यात साम्य फारसं नाही. दुसरीकडे न बसलेले शब्द तिथे ठेवले गेले. इथे 'एल-वाय' या शेवटावर विसंबलं की फसगत होते. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'लोनली' ही विशेषणं आहेत. उलट 'शी वर्क्स हार्ड' मधला 'हार्ड' एल-वायशिवाय क्रियाविशेषण आहे, आणि तिथे 'हार्डली' लिहिलं तर ती जेमतेमच काम करते असा अर्थ होतो.

जाती आठच, हा आकडाही अटळ नाही. डायोनिशियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक व्याकरणात आठ जाती होत्या, पण त्यांत आर्टिकल होतं आणि विशेषण नामातच धरलं होतं. लॅटिनमध्ये आर्टिकल नव्हतं. तिथे इंटरजेक्शनला वेगळी जागा मिळाली आणि आकडा आठच राहिला. आजची व्याकरणं 'द', 'माय', 'धिस', 'सम' यांना डिटर्मिनर या स्वतंत्र गटात ठेवतात, आणि शिकवताना ते सोयीचं पडतं. 'द माय बुक' का चुकतं? कारण ती जागा एकाचीच आहे. 'माय'ला विशेषण म्हटलं की हे समजावता येत नाही, कारण 'द ओल्ड बुक' बिनदिक्कत चालतं.

'बिफोर'सारख्या शब्दात पुढे काय येतं ते पाहावं. 'बिफोर नून' मध्ये पुढे नाम आहे, म्हणून प्रेपोझिशन. 'बिफोर ही केम' मध्ये पुढे कर्ता आणि क्रियापद, म्हणून कंजंक्शन. 'आय हॅव सीन इट बिफोर' मध्ये पुढे काहीच नाही, म्हणून क्रियाविशेषण. 'ओह', 'वाव' वगैरेंना एक मिनिट पुरे.

(पडद्यावर वहीचं पान, चार रकाने.)

एका तासाला पाच ते सात शब्दांची आठ वाक्यं पुरतात. आधी प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाला चौकट करायची, कारण ते सापडलं की वाक्याचे भाग मोकळे होतात. मग कर्ता, मग नामाला चिकटून असलेले शब्द, आणि उरलेले शेवटी.

दुसऱ्या तासाला शब्दांची कुटुंबं घ्यावीत. 'ही इज सक्सेस', 'ही सक्सेस इन द एक्झाम' या चुकांत अर्थ कळलेला असतो, फक्त जात चुकलेली असते. म्हणून चार रकाने: 'सक्सेस' नाम, 'सक्सीड' क्रियापद, 'सक्सेसफुल' विशेषण, 'सक्सेसफुली' क्रियाविशेषण. प्रत्येक ओळीत चारही घरं भरत नाहीत. 'डिफिकल्ट'ला रोजच्या वापरातलं क्रियापद नाही, आणि क्रियाविशेषणाच्या घरात 'विथ डिफिकल्टी' असे दोन शब्द लिहावे लागतात. रिकामं घर मुलं मनाने भरतात, म्हणून तिथे आडवी रेघ मारायला सांगावं. वही तपासताना बरोबर शब्द लिहून देण्याऐवजी समासात 'विशेषण हवं' एवढंच लिहिलं, की मूल स्वतः त्या ओळीकडे जाऊन शब्द निवडतं.