गडग्यातलं मुंगूस

चिऱ्यांच्या फटीतून आधी नाक बाहेर येतं. मग तांबूस डोळे. क्षणभर अंदाज घेतं आणि सरसरत अंगण ओलांडून माडाच्या आळ्यामागे नाहीसं होतं.

त्याच्या अंगावरचा एक केस जवळून पाहा. एकाच केसावर फिकट आणि गडद पट्टे आहेत. म्हणून तर अंगाचा रंग नक्की कुठला ते सांगता येत नाही. ‘तोंड दाखव, रामाची शपथ!’ असं ओरडत आपण लहानपणी याच्याच मागे धावलो.

इंग्रजीत याला म्हणतात माँगूस. शब्द आपल्याकडूनच गेला.

जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत इकडे आला. मुंबई, सुरत, पुढे पार जुन्नरपर्यंत हिंडला. १६९८मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापून आलं, त्यात हे नाव सापडतं. इंग्लंडच्या रानात मुंगूस नाही, मग तिथल्या भाषेत नाव कुठून असणार? त्यांनी इथल्या माणसांच्या तोंडचं उचललं. हिंदीतला नेवला नाही, संस्कृतातला नकुल नाही, मुंगूस! कोकणीतही मुंगूसच, कन्नडात मुंगुसी, तेलुगूत मुंगिस. अशी मोठी भावकी आहे या शब्दाची. पण ऑक्सफर्डचा कोश उघडलात, तर उगमापुढे मराठीचं नाव छापलेलं दिसेल. ते प्रत्येक मराठी मुलाला शाळेत दाखवायला हवं.

आता स्पेलिंग पाहा. शेवटी जी, ओ, ओ, एस, ई. म्हणजे गूस, हंसाच्या कुळातला पक्षी. त्याचा इथे काही संबंध नाही. इंग्रजी कानाला ओळखीचा आवाज लागला आणि लिहिणं तिकडे वळलं. एका गूसचे अनेक गीस होतात, म्हणून काहीजण माँगीस म्हणतात. रूढ अनेकवचन मात्र माँगूसेस. आपण म्हणतो, मुंगसं.

प्राणीही दूरवर गेला. १८७२ साली उसातले उंदीर मारायला भारतातून नऊ मुंगसं जमैकाला नेली, १८८३मध्ये तिथून ७२ हवाईला. उंदीर रात्री हिंडणारे, हे दिवसा. हवाईत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं त्यांच्या तोंडी गेली.

इकडे अंगणात ऊन उतरलंय. ते परत आलंय, आणि गडग्यातून आणखी एक नाक बाहेर आलंय.