घरात आलेला मुकादम

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

वागळे इस्टेटमधले कारखाने जोरात होते तेव्हा मुकादमाची नजर कामगारावर असायची, पण भोंगा झाला की ती सुटायची. आज ऐरोलीच्या, महापेच्या कंपन्यांचं काम घोडबंदर रोडवरच्या वन बीएचकेमध्ये बसून होतं आणि नजर ठेवणारं सॉफ्टवेअर त्याच घरात, लॅपटॉपमध्ये बसलेलं असतं. पगार देणाऱ्याला काम झालं का, हे विचारायचा हक्क आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण काय मोजायचं, किती दिवस ठेवायचं आणि कुणी बघायचं, हे सेटिंगच्या एका पानावर ठरतं. ते पान पुष्कळदा कुणी उघडलेलंच नसतं. सॉफ्टवेअर जसं आलं तसं चालू केलेलं असतं.

आधी मोजमाप समजून घेऊ. अशा बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडतात. एका तुकड्यात ६०० सेकंद. ज्या सेकंदात की दाबली किंवा माउस हलला, तो सेकंद ‘ॲक्टिव्ह’. असे २४० सेकंद भरले की ॲक्टिव्हिटी ४० टक्के. आता सॉफ्टवेअर तपासणारी एक टेस्टर ग्राहकाकडून आलेली बारा पानं वाचतेय आणि शंका वहीत उतरवतेय. दहा मिनिटांत वेगवेगळ्या ३५ सेकंदांत तिने स्क्रोल केलं, तर आकडा येतो सहा टक्क्यांच्या आत. याद्या टाइप करणाऱ्या सहकाऱ्याचा येतो ८०. डॅशबोर्डवर ती लाल, तो हिरवा. हेडफोन लावून ग्राहकाचं गाऱ्हाणं ऐकणाऱ्याचीही तीच गत, कारण ऐकताना हात हलत नाहीत.

मग माणसं हात हलवायला शिकतात. कर्सर आपोआप हलवत ठेवणारी यूएसबीची यंत्रं बाजारात मिळतात. ती पकडायला आयटी विभाग ठरावीक लयीतली हालचाल शोधणारा नियम लावतो. शेराला सव्वाशेर, आणि कामाचं राहतं बाजूला.

वीज गेली तर आणखी एक घोळ. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. चांगलं सॉफ्टवेअर त्या वेळची नोंद लॅपटॉपवरच ठेवतं आणि नेट आल्यावर पाठवतं. ही सोय बंद असेल तर तासभर केलेलं काम ‘ऑफलाइन’ म्हणून कापलं जातं.

स्क्रीनशॉटचा हिशेब तर करून बघाच. दहा मिनिटांना एक, म्हणजे आठ तासांत ४८. महिन्याचे २२ दिवस धरले तर १,०५६. पंचवीस जणांच्या टीमचे २६,४०० फोटो. इतके फोटो कोणता मॅनेजर बघणार? ते सर्व्हरवर पडून राहतात. त्यांत कुणाचं बँक खातं असतं, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट, आणि ग्राहकाची गोपनीय माहितीसुद्धा. माहितीची जी गळती रोखायला हे बसवलं, तिचाच साठा आपण हाताने तयार करतो.

वेबकॅमबद्दल मला काहीही तडजोड मान्य नाही. एकाच खोलीत अभ्यास करणारी मुलगी, पलंगावर पडलेल्या सासूबाई, हे सगळे त्या चौकटीत येतात. करारावर सही सुनेने केली होती, त्यांनी नाही.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण तो हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध वापरता येतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं कलम ७ तर नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची वेगळी संमती न घेताही माहिती वापरायला वाव देतं. म्हणून ‘कायद्यात बसतं’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. फ्रान्समध्ये डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या माहिती संरक्षण यंत्रणेने स्थावर मालमत्तेच्या क्षेत्रातल्या एका कंपनीला ४०,००० युरो दंड केला. तिचं सॉफ्टवेअर तीन ते पंधरा मिनिटं की-बोर्ड, माउस हलला नाही की तो वेळ रिकामा धरायचं. यंत्रणेचं म्हणणं साधं होतं: मीटिंग आणि फोन हेही कामच आहे.

इथे कुणी टीम चालवत असेल तर उद्या ते सेटिंगचं पान उघडा. कोणत्या की दाबल्या याची नोंद बंद करा. पासवर्डही त्यात टिपले जातात. स्क्रीनशॉट बंद करा. ग्राहकाच्या करारात अटच असेल तर धूसर ठेवा आणि ३० दिवसांनी आपोआप पुसले जातील असं लावा. बघण्याची परवानगी दोघांनाच द्या, आणि कुणी कधी बघितलं याची नोंद ठेवा. शिफ्ट संपली की नोंद थांबली पाहिजे. प्रत्येकाला स्वतःचा अहवाल आधी दिसू दे आणि चुकीच्या नोंदीवर हरकत घेता येऊ दे. ॲक्टिव्हिटीच्या टक्क्यावरून पगार किंवा बढती अजिबात ठरवू नका. त्यासाठी आठवड्याला काय काय पूर्ण झालं, त्याची यादी बघा.

आणि नोकरी करणाऱ्यांनी एचआरला ईमेलवर लेखी विचारावं: काय टिपता, कुठे ठेवता, किती दिवस, कोण बघतं? तोंडी उत्तरावर थांबू नका. लॅपटॉप स्वतःचा असेल तर सॉफ्टवेअर टाकण्याआधी कंपनीचा लॅपटॉप मागा. तो मिळेपर्यंत निदान कामासाठी वेगळं युजर खातं उघडा आणि बँकेचं, दवाखान्याचं काम त्या खात्यात करू नका. सॉफ्टवेअर पूर्ण मशीनच्या परवानगीने, म्हणजे सगळ्याच खात्यांवर चालेल असं बसवलं असेल तर वेगळं खातंही पुरत नाही. ती खासगी कामं मग मोबाइलवरच करा, आणि तीही कंपनीचं व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी वाट, बंद ठेवून.