पिठाची विरी आणि शिबिराची वही

(स्काऊट-गाईड शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आधी एक कबुली देऊन टाकतो. पत्रिकेवर विषय छापलाय 'पथकाचे शिबिर : नियोजनाचे टप्पे'. टप्पे मी काढले होते, अकरा आहेत, खिशात चिठ्ठी आहे. पण मला दिलेल्या चाळीस मिनिटांतली बारा माझ्या परिचयातच गेली. त्यात मी न केलेल्या दोन गोष्टीही होत्या. त्यामुळे अकरापैकी किती हाताला लागतात ते बघू.

समोर स्काऊट मास्तर दिसताहेत, गाईडच्या कॅप्टन बाई आहेत, मागच्या दोन रांगांत पालक. पालकांनो, तुम्ही मागं बसलात ते फार बरं केलंत. शिबिरातही तुमची जागा तीच.

मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पंचवीसेक वर्षं जो भेटेल त्याला सांगत आलोय, घरी तर आता कुणी ऐकत नाही. शिबिराचं नियोजन हाच शिबिराचा अर्धा अभ्यासक्रम आहे, आणि तो आपण मास्तरलोक स्वतःच सोडवून टाकतो. पोरांना फक्त उत्तरपत्रिका देतो.

मी हेच केलं होतं. १९९१ चं माझं पहिलं शिबिर. वाईच्या वरच्या अंगाला एका गावाशेजारचं माळरान, बत्तीस पोरं, चार संघ : वाघ, मोर, गरुड, हत्ती. मी तरुण होतो, डायरी नवी होती. महिनाभर आधी सगळं लिहून काढलं. साडेपाचला उठणं, सहाला बी. पी. सिक्स म्हणजे स्काऊटचे सहा व्यायाम, सव्वासातला ध्वज, आठला पोहे. आचारी गावातूनच ठरवला. तंबू आदल्या दिवशी जाऊन मी आणि शिपाईमामांनी ठोकले. तुम्हाला सांगतो, तीन दिवसांत एक गोष्ट वेळापत्रकाबाहेर गेली नाही. एकाला खरचटलंसुद्धा नाही. परतताना एसटीत मी अगदी धन्य होऊन खिडकीशी बसलोय आणि मागून मोर संघातला एक पोरगा वाकून विचारतो, "सर, आपण राहिलो ते गाव कुठलं हो?"

हसू नका. मला तेव्हा हसू आलं नव्हतं. तीन दिवस त्या गावचं पाणी प्यायला आणि त्याला गावाचं नाव माहीत नाही. का असावं? त्याला कुणी विचारलं होतं का, कुठं जायचं? पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न त्याच्यापर्यंत आलाच नव्हता. तो वऱ्हाडी होता. वऱ्हाडी जेवतो आणि मानपान बघतो.

आपल्याकडं परंपरा काय आहे बघा. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काऊटचे जनक बेडन-पॉवेलनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. वीसएक मुलं, चार संघ, आणि प्रत्येक संघाचा कारभार संघनायकाच्या हातात. पहाटे कुडू नावाच्या आफ्रिकन हरणाचं शिंग फुंकून पोरांना उठवायचे. आपण शिट्टी फुंकतो, त्यानंही शेजारचं गाव उठतं. आणखी एक गोष्ट मला त्या शिबिरातली फार आवडते. तिथं नामांकित महागड्या शाळांतली मुलं होती आणि गावातली कष्टकऱ्यांचीही. शुल्क सगळ्यांना सारखं नव्हतं : पहिल्यांना एक पौंड, दुसऱ्यांना साडेतीन शिलिंग. वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे हिशेब करा. तंबूत मात्र सगळे एकत्र. आपल्याकडं शुल्काची यादी वर्गाच्या फळ्यावर लागते, कुणाचे आले, कुणाचे बाकी. ती यादी पुसून टाका एवढंच म्हणतो. खरी कमाईचे, म्हणजे पोरांनी कामं करून मिळवलेले पैसे पथकाच्या पेटीत एकत्र घाला आणि त्यातून कुणाचं काय भरलं ते तुम्हाला आणि पेटीला माहीत असू द्या.

आता आयत्या शिबिराबद्दल बोलतो. (अध्यक्ष घड्याळ बघताहेत. दोनच मिनिटं.) पवना धरणाच्या काठी जाऊन या. रांगेनं तंबू ठोकलेले, गाद्या घातलेल्या, रात्री मोठा आवाज लावलेला. शनिवार-रविवार मोठ्या माणसांनी खुशाल जावं, माझं काही म्हणणं नाही. पण आता शाळाही माणशी इतके रुपये देऊन पथकच्या पथक तिथं नेतात आणि प्रमाणपत्रावर 'शिबिर' लिहितात. तंबू कुणी ठोकला? ठेकेदारानं. स्वयंपाक? ठेकेदार. शेकोटी पेटवली लायटरनं आणि वर रॉकेल. पोरगं घरी आल्यावर सांगतं, मजा आली. येणारच. मजा माझ्या आत्याच्या लग्नातही आली होती. एका पालकांनी मला विचारलं होतं, सर, तंबूला अटॅच्ड बाथरूम आहे ना? मी म्हटलं, आहे, फक्त ते सत्तर पावलांवर आहे आणि तुमच्या मुलालाच खणायचंय.

तर दुसऱ्या वर्षी मी ठरवलं, नियोजन मानसभेत, म्हणजे संघनायकांच्या बैठकीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की चार संघनायक, माझा जुना एक राज्य पुरस्कारवाला स्काऊट आणि मी, प्रयोगशाळेत बसायचो. पहिल्या बैठकीत यादी आली. पहिल्या क्रमांकावर कॅरम बोर्ड होतं. मी गप्प राहिलो. तिसऱ्या बैठकीत त्यांचं त्यांनीच खोडलं, कारण कॅरम उचलायचा कोणी, यावर वाघ आणि हत्तीत भांडण झालं.

आचारी नको, प्रत्येक संघाची वेगळी चूल, हे ठरलं. वाघ संघ खिचडी, मोर संघ उपमा आणि बटाट्याची भाजी, हत्तींनी बिनभांड्याचा स्वयंपाक म्हणून निखाऱ्यात कांदे-बटाटे आणि रताळी. आणि गरुडांनी सांगितलं, पिठलं-भाकरी. आठजणांत एकालाही भाकरी येत नव्हती. मी तेवढं विचारलं. संघनायक म्हणाला, "शिकू सर, महिना आहे." आणि खरंच शिकले हो. एकाची आई शाळेच्या फाटकात भेटली, म्हणाली, सर, याला शिबिराला न्या एकदाचं, आमची परात सुटू दे.

शिबिराच्या रात्री काय झालं ऐका. सातला गरुडांची चूल पेटली. पिठलं झालं, उत्तम झालं. भाकरी थापायला घेतली तर मोडते. दुसरी मोडली, तिसरी तव्यावर टाकताना हातातच तीन तुकडे. ज्या पोरांनी घरी परातीवर फिरत्या भाकऱ्या करून दाखवल्या होत्या, त्यांना कळेना काय झालं. पाणी वाढवून बघितलं, कमी करून बघितलं. आठ वाजले. बाकीचे संघ जेवून भांडी घासायला लागले. गरुड एकमेकांवर चिडायला लागले : तुझा हात गरम आहे, तू नीट मळलं नाहीस.

मी दहा पावलांवर कंदिलाशी बसलेला. तुम्हाला वाटेल, सरांनी मोठ्या संयमानं मौन पाळलं. अजिबात नाही. मला माहीत असतं तर मी केव्हाच उठून सांगितलं असतं. सुदैवानं मलाही भाकरीतलं काही कळत नव्हतं.

शेवटी हत्ती संघातला एक बारका पोरगा, एरवी तोंडातून शब्द न काढणारा, भांडं घासता घासता तिथं गेला. चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, वास घेतला आणि म्हणाला, "पीठ कधी दळलं?" गरुडांचा नायक अभिमानानं म्हणाला, "तीन आठवडे झाले. सगळ्यांच्या आधी आमची तयारी." तो पोरगा म्हणाला, "मग विरी गेली याची. आजी असल्या पिठाला उकळतं पाणी घालते."

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. बघा! आमचं ब्रीद काय? तयार राहा. मी महिनाभर त्यांच्या कानीकपाळी ओरडत होतो, आधी तयारी करा, आधी तयारी करा. त्या गुणी पोरानं ऐकलं आणि ज्वारी तीन आठवडे आधी गिरणीत नेली. चूक माझी होती, पीठ त्याचं होतं. मग आधण ठेवलं, पीठ उकडलं, चटके खात मळलं, आणि दहाला पहिली अखंड भाकरी तव्यावरून उतरली. वाघ, मोर, हत्ती सगळे जेवलेले, तरी सगळे पुन्हा बसले. मलाही कोर मिळाली. एका बाजूनं करपलेली होती, खोटं कशाला बोलू.

त्याच रात्री गरुडांच्या नायकानं माझ्या कोऱ्या डायरीत लिहिलं : 'ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी दळावं.' खाली वाघांनी भर घातली : 'तांदूळ माणसांनी गुणावेत, तिखट गुणू नये.' त्यांनी आईच्या चौघांच्या मापाला सरळ गुणलं होतं, रात्रभर पाण्याची कळशी फिरत होती. तिथून ती डायरी पथकाची वही झाली. पुढच्या प्रत्येक मानसभेची सुरुवात त्या वहीच्या वाचनानं. माझं नियोजन म्हणजे ही वही. आज बरोबर आणलीय.

घंटा झाली का? बरं. म्हणजे अकरा टप्पे आता वहीतूनच, पळत पळत.

जागा. महिनाभर आधी संघनायकांना घेऊन बघायची आणि शक्यतो एक पहाट तिथं काढायची. डिसेंबरात नदीकाठ दिवसा सुंदर दिसतो, पण गार हवा जड असते, रात्री ती उतारानं येऊन खोलगटात साचते. तंबू काठापेक्षा वरच्या पट्टीवर. धरणाच्या खालच्या अंगाला नदीच्या पात्रात तर नाहीच, पाणी कधी सोडतील सांगता येत नाही. झाडाकडं आणि कड्याकडं मान वर करून बघा : आग्या मोहोळ असेल तर तिथं शेकोटी नाही. धुरानं माश्या उठल्या की पळायला वाट राहत नाही.

परवानगी. पालकांचं संमतीपत्र, शिक्षण खातं, ग्रामपंचायत, जंगलाची हद्द असेल तर वनखातं, आणि पोलीस पाटलांना तोंडी का होईना भेटणं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याचे चौदा विद्यार्थी गेले, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. शिक्षक कुरकुरतात. मी कुरकुरत नाही.

संमतीपत्रात दमा, फिट, ॲलर्जी विचारता, तसं अंथरूण ओलं होतं का हेही विचारा, बंद पाकिटात. त्या पोराला रात्री अकराला आपण हळूच उठवायचं, बस. कितीतरी पोरं शिबिराला नाही म्हणतात ती थंडीला भिऊन नाही, याला भिऊन.

पाणी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी चार लिटर धरा, बत्तीस पोरांना रोज १२८. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग क्लोरीनचे थेंब आणि अर्धा तास थांबणं. शौचाचा चर खणायचा तो पाण्यापासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. हे एका वर्षी उलटं झालं होतं, वहीत आहे, जेवणापूर्वी वाचू नका.

जमिनीवर झोपताना मण्यारीची आठवण ठेवा, ती रात्री फिरते आणि दंश पुष्कळदा कळतही नाही. कडेची फट बंद, बूट झटकून घालणं, रात्री बॅटरीशिवाय पाऊल नाही. सर्पदंशावरचं औषध कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे ते आधी जाऊन विचारून यायचं, आणि १०८ ला फोन लागतो का हे त्या माळावर उभं राहून तपासायचं. लाकूड गावातून विकत घ्या, तोडू नका. एसटीला शालेय सहलीची सवलत असते, त्याचा अर्ज पोरांच्याच हातानं आगारात द्या, व्यवहार कळतो.

आणि हो, महत्त्वाचं राहिलंच. सगळं पोरांवर सोडा म्हणतो तेव्हा मास्तर मोकळा होत नाही. पिण्याच्या पाण्याची तपासणी, दवाखाना आणि नदीत उतरायचं की नाही, या तीन गोष्टी मी कधी मानसभेत मताला टाकल्या नाहीत. बाकी भाकरी मोडू दे.

शेकोटीच्या पाहुण्यांबद्दल बोलायचं होतं, सातला बोलावलेले साडेनऊला येतात आणि तोवर पोरं कुडकुडत हारासमोर बसलेली असतात. पण आजचे प्रमुख पाहुणे इथंच बसलेत, जाऊ द्या.

गाईडच्या बाई मघापासून हात वर करताहेत. त्यांची शिबिरं आमच्यापेक्षा वेळेवर जेवतात, त्यांना चहाच्या वेळी नक्की विचारा कशी ते. वही इथं टेबलावर ठेवतो. फोटो काढून घ्या, पानं उलटा. हात पुसून घेतलेत तर बरं, नाहीतरी चालेल, सदतिसाव्या पानाला आधीच पिठलं लागलंय.