बंड वेगळं, बाटली वेगळी

श्रोतेहो, नमस्कार.

२५ नोव्हेंबर. फुटबॉलवेड्यांच्या मनात ही तारीख दोन मृत्यूंसाठी घर करून आहे. २००५ साली याच दिवशी लंडनच्या एका रुग्णालयात जॉर्ज बेस्ट गेला, वय ५९. आणि बरोबर पंधरा वर्षांनी, २०२०च्या २५ नोव्हेंबरला, दिएगो मॅराडोना गेला, वय ६०. एक बेलफास्टचा, दुसरा ब्युनॉस आयर्सला लागून असलेल्या विया फियोरितो या गरीब वस्तीतला. दोघांच्याही मृत्यूनंतर एक वाक्य सगळीकडे ऐकू आलं: "बंडखोर होते, म्हणून तर असे खेळले!"

आज मला या वाक्याशी भांडायचंय, कारण त्यात या लोकांचं व्यसनही बंडाच्याच खात्यात जमा होतं.

जॉर्ज बेस्ट म्हटलं की लोकांना त्याचा तो विनोद आठवतो. दारू, बायका आणि वेगवान गाड्या यांवर मी पुष्कळ पैसा खर्च केला, उरलेला मात्र वाया घालवला. हसू येतं ना? मलाही येतं. पण या विनोदामागचा हिशेब पाहा. १९६८ साली इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबनं पोर्तुगालच्या बेनफिकाला हरवून युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकली, त्या अंतिम सामन्यात बेस्टनं गोल केला होता. त्याच वर्षी युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला बॅलन डी'ओर मिळाला. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. १९७४च्या जानेवारीत त्यानं युनायटेड सोडलं तेव्हा २७ वर्षांचा. म्हणजे ज्या वयात फुटबॉलपटू खऱ्या अर्थानं भरात येतो, त्या वयात हा मोठ्या फुटबॉलमधून जवळजवळ बाहेर पडला होता. पुढे छोट्यामोठ्या क्लबांकडून खेळत राहिला, पण तो नुसता शेपटाचा भाग.

यात बंड कुठे होतं? सरावाला दांडी मारली, आगगाडी चुकवली, केस वाढवले, याला बंड म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. पण त्या काळच्या इंग्लिश क्लबांत सामन्यानंतर सगळ्यांनी मिळून पिणं हा रिवाजच होता. न पिणारा तिथे एकटा पडायचा. म्हणजे ग्लास बाजूला सारणं हेच तिथे खरं बंड ठरलं असतं! बेस्टची आईसुद्धा दारूच्याच व्यसनानं १९७८ साली गेली. पोटात औषधाच्या गोळ्या शिवून घेऊन त्यानं दारू सोडायचा प्रयत्न केला. २००२ साली यकृत बदललं, तरी पुन्हा प्याला. शेवटच्या दिवसांत रुग्णशय्येवरचा आपला पिवळा पडलेला फोटो त्यानं स्वतः छापू दिला. सोबत निरोप होता, माझ्यासारखे मरू नका. ज्याला थांबायचंय आणि थांबता येत नाही, तो बंडखोर कसला? तो आजारी माणूस.

खरा बंडखोर बघायचा असेल तर नेदरलँड्सचा फुटबॉलपटू योहान क्रायफ बघा. १९७४चा विश्वचषक. नेदरलँड्सच्या संघाच्या अंगावर आदिदासचे तीन पट्टे होते आणि क्रायफच्या शर्टावर दोनच! त्याचा करार आदिदासच्या प्रतिस्पर्धी प्यूमा कंपनीशी होता, आणि देशाच्या फुटबॉल फेडरेशननं आपल्याला न विचारता केलेला करार आपण का पाळायचा, असा त्याचा रोखठोक सवाल होता. खेळाडूंचा विमा, खेळाडूंचे पैसे, यासाठी त्यानं पदाधिकाऱ्यांशी उघड वाद घातले. हे शुद्धीत, आकडेमोड करून केलेलं बंड. तोच क्रायफ सिगारेटी मात्र एकामागून एक ओढायचा, अगदी मध्यंतरातसुद्धा. १९९१ साली बार्सिलोनाचा प्रशिक्षक असताना हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली आणि सिगारेट सुटली. मग कॅटलोनियाच्या आरोग्य खात्यासाठी त्यानं एक जाहिरात केली. त्यात तो चेंडूसारखं सिगारेटचं पाकीट पायावर उडवत राहतो आणि शेवटी लाथेनं भिरकावून देतो. फुटबॉलनं मला सगळं दिलं, तंबाखूनं ते जवळजवळ हिरावून घेतलं, असं तो त्यात सांगतो. २०१६ साली गेला तो फुप्फुसाच्या कर्करोगानं.

ब्राझीलचा फुटबॉलपटू सॉक्रेटिस, त्याचंही तेच. पेशानं डॉक्टर. देशात लष्करी हुकूमशाही, आणि साओ पावलोच्या कोरिंथियन्स क्लबात हा माणूस आणि त्याचे सहकारी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्या गोष्टी मतदानानं ठरवत होते. सराव कधी करायचा, सामन्याआधी खेळाडूंना हॉटेलात कोंडून ठेवायचं की नाही, सगळं. आणि मत सगळ्यांना सारखं, सामान सांभाळणाऱ्यालाही! १९८२च्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीआधी त्यांच्या शर्टाच्या पाठीवर चक्क मतदान करा, असं आवाहन होतं. हे बंड. बीअर आणि सिगारेट ही त्याच्या बाजूला चाललेली, त्याच्याशी काडीचा संबंध नसलेली गोष्ट. २०११ साली ५७ व्या वर्षी तो गेला, तेव्हा यकृत पार खराब झालं होतं. डॉक्टरला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

आता दारू गेली की कसबही जाईल, अशी भीती बाळगणाऱ्यांसाठी टोनी ॲडम्स. लंडनच्या आर्सेनल क्लबचा कर्णधार, बचाव फळीतला शिस्तीचा गडी, बंडखोर वगैरे अजिबात नाही. तरी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल १९९० साली तुरुंगात गेला. १९९६ साली त्यानं जाहीर सांगितलं की मी व्यसनी आहे, आणि पिणं थांबवलं. त्यानंतर १९९८ आणि २००२ अशी दोनदा इंग्लंडची लीग आणि एफए कप या दोन मोठ्या स्पर्धांची जोडी आर्सेनलनं जिंकली, तीही त्याच्याच कर्णधारपदाखाली.

आणि शेवटी ब्राझीलचा गारिंशा. याचं नाव मी मुद्दाम मागे ठेवलं. जन्मापासून वाकडे पाय, आणि त्या पायांनी उजव्या बगलेवरून बचावपटूंना असं चकवायचा की प्रतिस्पर्धी संघाचे प्रेक्षकही हसायचे. १९६२च्या विश्वचषकात दुसऱ्याच सामन्यात ब्राझीलचा मोठा खेळाडू पेले जायबंदी झाला. पुढची स्पर्धा गारिंशानं ओढली. इंग्लंडविरुद्ध दोन गोल, चिलीविरुद्ध दोन गोल, आणि ब्राझील जगज्जेता. तो कुणाविरुद्ध बंड करणारा नव्हताच. कोऱ्या करारावर सही करून मोकळा व्हायचा, किती पैसे मिळतात ते विचारायचाही नाही. गुडघा सुजला की क्लब इंजेक्शन द्यायचा आणि मैदानात पाठवायचा. दारूचं व्यसन बापालाही होतं. १९८३ साली दारूनंच तो गेला, ४९ व्या वर्षी.

त्याच्या तीन वर्षं आधी, १९८०च्या रिओ कार्निव्हलमध्ये मांगेरा या सांबा शाळेनं, म्हणजे सांबा नाचणाऱ्यांच्या मंडळानं, त्याला आपल्या मिरवणुकीत चित्ररथावर बसवलं होतं. औषधांच्या अमलाखाली तो शून्यात बघत होता, हातसुद्धा नीट हलत नव्हता. चित्ररथ पुढे सरकत राहिला आणि दोन्ही बाजूंचे लोक त्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवत राहिले.