जमिनीच्या पोटातलं जॉर्जचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

देऊळ असो की चर्च, ते लांबूनच दिसायची आपल्याला सवय. आधी कळस दिसतो, मनोरा दिसतो, मग आपण जवळ जातो. इथिओपियातल्या लालिबेला गावचं संत जॉर्जचं चर्च मात्र दहा पावलांवर येईपर्यंत दिसतच नाही. उघड्या, उतरत्या खडकावरून चालता चालता एकाएकी पायापुढची जमीन संपते. खाली चौकोनी खड्डा आणि त्याच्या मधोमध लालसर दगडाचा, अधिकच्या चिन्हासारखा एक ठोकळा उभा. त्याचं छप्पर आपल्या पायांच्या पातळीला. छपरावर एकात एक कोरलेले तीन क्रूस. तिथले लोक याला ‘बेते गियोर्गिस’ म्हणतात. बेत म्हणजे घर. जॉर्जचं घर.

लालिबेला आहे अम्हारा प्रांतात, लास्ता डोंगरांमध्ये, साधारण २५०० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, यावरून अंदाज घ्या. गावाचं जुनं नाव रोहा. बाराव्या शतकाच्या अखेरीला आणि तेराव्याच्या सुरुवातीला झाग्वे घराण्याचा लालिबेला नावाचा राजा होऊन गेला. तो जन्मला तेव्हा त्याच्याभोवती मधमाश्यांचं मोहोळ घोंगावलं, आणि ‘माश्यांनी याचं राजेपण ओळखलं’ म्हणून आईने हे नाव ठेवलं, असं सांगतात. पुढे त्याच्यावर विषप्रयोग झाला, तीन दिवस तो स्वर्गात होता, तिथे त्याला दगडात कोरलेली चर्चं दाखवली गेली आणि परतल्यावर त्याने तशीच घडवली. एकूण अकरा. दिवसा माणसं छिन्नी चालवत, रात्री देवदूत येऊन त्याच्या दुप्पट काम करत.

आणि बेते गियोर्गिसची कथा याच्याही पुढची. सगळी चर्चं झाली तरी आपल्या नावाचं एकही नाही म्हणून संत जॉर्ज चिलखत घालून, घोड्यावर बसून जाब विचारायला आला. राजाने शब्द दिला, सगळ्यात देखणं तुझंच करतो. घोड्याच्या टापांच्या खुणा खड्ड्याच्या भिंतीत आजही दाखवतात.

असल्या कथा हसून सोडून द्यायच्या नसतात, असं माझं मत. नेमकं कुठे बघायचं हे त्याच सांगतात. वेरूळच्या कैलासाचंच घ्या. शिखर पाहीन तेव्हाच अन्न घेईन असा राणीने नेम केला आणि पैठणच्या कोकसाने शिखरापासून सुरुवात करून आठवड्यात तिची सुटका केली, ही आपली दंतकथा. आठवडा सोडून द्या, पण काम वरून खाली झालं ही गोष्ट त्या कथेने पक्की धरून ठेवली आहे. लालिबेलाचे देवदूतही तसेच. एवढं काम कुणी केलं आणि एवढा दगड गेला कुठे, हा प्रश्न त्या कथेच्या पोटात आहे. संशोधकांना अलीकडे आसपास खोदकामाच्या मालाचे मोठे ढिगारे ओळखता आले. काही चर्चं आधीच्या काळातली, टप्प्याटप्प्याने बदलत आलेली असावीत, असंही काहींचं मत आहे.

आता काम कसं झालं ते पाहू. आधी चारही बाजूंनी खोल चर खणून मधला ठोकळा मोकळा करायचा. मग छपरापासून खाली येत बाहेरचा आकार काढायचा आणि दारं-खिडक्यांतून आत शिरून पोट कोरायचं. चूक झाली तर दगड परत चिकटवता येत नाही. कैलासात आपण समोरून, जमिनीवरूनच आत चालत जातो. इथे खड्डा चारी बाजूंनी बंद. उतरत्या चरातून आणि छोट्या बोगद्यातून खाली जावं लागतं.

चर्चची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही साधारण बारा मीटर, म्हणजे चाळीस फुटांच्या आसपास. खाली उतरल्यावर एक गणित करून बघा. क्रूसाच्या आकाराला बाहेरून बारा भिंती येतात. तीन भिंतींत दारं, उरलेल्या नऊ भिंतींत खालच्या ओळीत नऊ खिडक्या. या नऊही आंधळ्या, म्हणजे नुसत्या कोरलेल्या. वरच्या ओळीत बारा, आणि त्या खऱ्या. आतला उजेड तेवढ्याच बारांतून येतो. खालच्या खिडक्यांच्या चौकटींना कोपऱ्यात चौकोनी गुटके पुढे आलेले दिसतील. अक्सुम या इथिओपियातल्या प्राचीन राज्याच्या बांधकामात लाकडी तुळयांची टोकं भिंतीबाहेर येत, त्यांची ही दगडातली नक्कल. भाजे-कार्ल्याच्या चैत्यांत लाकडी कमानी दगडात उतरवल्या आहेत, तोच मामला. सुतार गेला तरी त्याची सवय पाथरवटाच्या हातात राहते.

छपराकडे पुन्हा एकदा वरून बघा. त्याला उतार आहे आणि पाणी लांब फेकणाऱ्या पन्हळी आहेत. जून ते सप्टेंबर तिथे जोराचा पाऊस, आणि हा ज्वालामुखीचा दगड सच्छिद्र. पाणी भेगेत शिरतं, दगड फुगतो, आकसतो, पापुद्रे सुटतात. इतर काही चर्चच्या छपरांवर मध्यंतरी डांबर थापलं होतं. ते पुढे खरवडून काढावं लागलं. २००८ मध्ये काही चर्चवर खांबांवर उभी मोठी आच्छादनं घातली. पाऊस थांबला, पण देखावा पार गेला. बेते गियोर्गिस आजही उघडंच आहे. खड्ड्याच्या कडेला मात्र धड कठडा नाही. ओल्या खडकावर फोटोसाठी मागे सरकत जाऊ नका.

आत जाण्याची रीत आपल्याला परकी वाटणार नाही. जोडे बाहेर. बायकांनी डोक्यावर पांढरी ओढणी घ्यायची, गुडघे-खांदे सगळ्यांनीच झाकायचे. पडद्यामागचा गाभारा, म्हणजे मकदस, फक्त पुजाऱ्यांसाठी. तिथे ताबोत असतो, मोझेसच्या करारपेटीचं, म्हणजे दहा आज्ञांच्या शिळा ठेवलेल्या पेटीचं, प्रतीक. पडदा सरकवायला सांगू नका. बेते गोल्गोथा या दुसऱ्या चर्चमध्ये बायकांना प्रवेशच नाही. सगळीकडे जमिनीवर जाड गालिचे असतात आणि गालिच्यांत पिसवा. हे कुणी आधी सांगत नाही. जाड मोजे पँटवर ओढून घ्या, पायांना कीटकरोधक लावा, खाली बसू नका. आत अंधार असतो, लहान टॉर्च बरोबर ठेवा. चित्रांवर फ्लॅश मारू नका. पुजारी हातक्रूस घेऊन फोटोला उभे राहतात, त्यांना थोडे पैसे द्यायची पद्धत आहे. जोडे सांभाळणाऱ्यालाही द्यावेत.

वाटाडे अर्ध्या दिवसात अकराही चर्चं उरकतात. तसं करू नका. पहिला दिवस दम खाण्याचा, उंचीमुळे धाप लागतेच. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडच्या चर्चांचा गट, त्यात बेते मेधाने आलेम हे सर्वांत मोठं चर्च, जवळपास ३३ मीटर लांब, बाहेरून खांबांनी वेढलेलं. बेते गियोर्गिसला दोनदा जा. दुपारी उशिरा वरून, आणि सकाळी प्रार्थनेच्या वेळी आतून. सात जानेवारीला गेन्ना, म्हणजे तिथला नाताळ. त्या सकाळी बेते मरियमच्या खड्ड्याच्या कडेवर आणि खाली अंगणात पुरोहितांच्या रांगा उभ्या राहतात, ढोल आणि झांजेसारख्या खुळखुळ्यांच्या तालावर डोलत गातात. टाळ-मृदंग ऐकत वाढलेल्या माणसाचा पाय तिथे आपोआप ठेका धरेल. गर्दी मात्र यात्रेची असते, मुक्कामाची सोय फार आधी करावी लागते.

वेळ ठरवताना हमखास फसगत होते. तिथला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. वाटाड्या ‘दोन वाजता येतो’ म्हणाला तर तो सकाळी आठला दारात उभा असेल. कोणतं घड्याळ, एवढं विचारून घ्या.

जेवणाची चिंता नको. बुधवारी आणि शुक्रवारी त्यांचा उपास, त्यात मांस, दूध, अंडं काहीच चालत नाही. ‘त्सोम’ एवढा एक शब्द म्हणा, की पानावर टेफ या तिथल्या बारीक धान्याच्या पिठाची आंबूस इंजेरा येते, आंबोळीची थोरली बहीणच म्हणा, आणि तिच्यावर मसूर, कोबी आणि शिरो. नावाला फसू नका. आपला शिरा गोड, हा शिरो म्हणजे चक्क पिठलं, फक्त त्यांच्या बेरबेरे मसाल्याचं.

मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे, तिथून लालिबेला तासाभराचं उड्डाण. अम्हारा प्रांतात गेली काही वर्षं संघर्ष चालू आहे, म्हणून तिकीट काढण्याआधी भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचा आणि रस्त्याने जायचा विचार करू नका. ही वाट आपल्या किनाऱ्याला तशी नवी नाही. १५२० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नरचं आरमार गोव्याहून निघालं आणि त्यातून उतरलेल्या वकिलातीत फ्रान्सिस्को आल्व्हारेश नावाचा पाद्री होता. या चर्चचं पहिलं युरोपीय वर्णन त्याचं. लिहून झाल्यावर, लोक आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत, या धास्तीने त्याने खरं सांगतो म्हणून शपथ वाहिली.

आणि एक कागद विसरू नका. इथिओपियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. दाखला नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात सहा दिवसांपर्यंत मुक्काम. लस एकदाच, दाखला जन्मभर चालतो. तो पासपोर्टलाच लावून ठेवा.

नमस्कार.